तीन अल्बम मोडून झालेला एक

अमेरिकी गायक-संगीतकार प्रिन्सचा ‘साइन ओ’ द टाइम्स’ हा अल्बम १९८७च्या मार्चअखेरीस आला. दोन तबकड्या, १६ गाणी. एवढा ऐसपैस अल्बम म्हणजे हात सैल सोडून केलेलं काम, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो कापून कापून एवढा उरला होता.

१९८६मध्ये ‘द रिव्होल्यूशन’ या आपल्या बँडबरोबर प्रिन्स ‘ड्रीम फॅक्टरी’ जुळवत होता. बँडमधल्या वेंडी मेल्वॉइन आणि लिसा कोलमन यांचा त्यात मोठा वाटा. एका तबकडीची यादी फुगत दोनवर गेली. ऑक्टोबरात त्याने बँडच मोडला आणि अल्बम बारगळला. गाणी मात्र त्याने टाकली नाहीत.

लगेच ‘कमील’चा घाट घातला. टेप हळू चालवून गायचं आणि मग नेहमीच्या वेगाने वाजवायचं. आवाज बारीक होतो, बाईचा की पुरुषाचा कळत नाही. अशी ८ गाणी झाली, पण हा अल्बमही निघाला नाही.

मग दोन्हींतलं निवडक आणि काही नवं मिळून ‘क्रिस्टल बॉल’: तीन तबकड्या, २२ गाणी. त्याची रेकॉर्ड कंपनी वॉर्नर ब्रदर्सने नकार दिला. तीन तबकड्यांचा संच छापायला महाग आणि खपायला अवघड. खटका उडाला, पण शेवटी प्रिन्सनेच कात्री चालवली. ७ गाणी गेली. त्यांत दहा मिनिटांहून मोठं शीर्षकगीतही होतं. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणजे त्या एकट्यानेच जवळपास अर्धी बाजू मोकळी झाली. आयत्या वेळी एक गाणं आत आलं, ‘यू गॉट द लुक’, आणि गंमत म्हणजे अमेरिकेत अल्बममधलं सर्वांत मोठं हिट तेच ठरलं. माझ्या मते कंपनीचा हट्ट इथे पथ्यावर पडला.

वगळलेली गाणी पुढे विखुरली. ‘शॉकाडेलिका’ एका सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं, ‘जॉय इन रिपिटिशन’ १९९०च्या ‘ग्राफिटी ब्रिज’मध्ये आलं आणि शीर्षकगीताला १९९८ उजाडलं. ‘रिबर्थ ऑफ द फ्लेश’ हे ‘कमील’चंही पहिलं गाणं होतं आणि ‘क्रिस्टल बॉल’चंही. त्याचं मूळ स्टुडिओ ध्वनिमुद्रण अधिकृतपणे ऐकायला मिळालं ते ‘साइन ओ’ द टाइम्स’च्या २०२०च्या विस्तारित संचात, प्रिन्स जाऊन चार वर्षं झाल्यावर.