क्राउन लिकर सलून, बेलफास्ट

उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्टमधील ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचे जुने मद्यगृह. ते १८२६ मध्ये सुरू झाले असे मानतात. पुढे ते ‘रेल्वे टॅव्हर्न’ म्हणून ओळखले जाई. बेलफास्टला आगगाडी १८३९ मध्ये आली आणि तिचे स्थानक याच रस्त्यावर होते. तेव्हा हे नाव त्यानंतरचेच असावे.

आजचे रूप पॅट्रिक फ्लॅनॅगन यांनी दिले. वडिलांच्या या पबचा त्यांनी १८८५ मध्ये कायापालट केला. शहरात तेव्हा नवी कॅथलिक चर्च उभी राहत होती. त्या कामावरचे इटालियन कारागीर दिवसाची मजुरी आटोपून इथली सजावट करायला येत, असे सांगतात. रंगीत काचा, कोरीव लाकूड आणि इंग्लंडमधील जॅकफील्डच्या क्रेव्हन डनिल कारखान्यातील चकचकीत फरश्या पाहिल्या की ते पटते.

खरे वैभव दहा ‘स्नग’चे. स्नग म्हणजे दार लावून घेता येणारी लाकडी बैठक. चारचौघांत दारू पिताना दिसू नये, अशी इच्छा असणाऱ्यांची ही सोय. दारांवर ए ते जे ही अक्षरे, खांबांवर ढाली धरलेले सिंह, आत काडी ओढायला गनमेटलची पट्टी आणि वाढप्याला बोलावणारी घंटा. दिवे अजूनही गॅसचे.

दारातल्या मोझेइकमधील मुकुटाची गोष्ट लोक आवडीने सांगतात. फ्लॅनॅगन कॅथलिक, पत्नी प्रॉटेस्टंट. ‘क्राउन’ हे ब्रिटिश राजमुकुटाशी निष्ठा सांगणारे नाव तिच्या हट्टाचे. त्यांनी ते मान्य केले, पण मुकुट जमिनीवर बसवला, येणाऱ्याचा पाय त्यावर पडावा म्हणून. खरेखोटे काहीही असो, बेलफास्टचा दुभंग या एका दंतकथेत पुरेपूर उतरला आहे.

त्या दुभंगाची झळ पबलाही बसली. समोरच्या युरोपा हॉटेलवर ब्रिटनवादी प्रॉटेस्टंट आणि आयरिश राष्ट्रवादी कॅथलिक यांच्यातील सशस्त्र संघर्षाच्या काळात तीसहून अधिक वेळा बॉम्बहल्ले झाले आणि इथल्या काचा पुन्हापुन्हा फुटल्या. कवी जॉन बेत्जमन आदींच्या आग्रहावरून नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेने १९७८ मध्ये ही वास्तू विकत घेतली. १९८१ मध्ये सुमारे चार लाख पौंड खर्चून ती पूर्ववत केली. संग्रहालय मात्र केले नाही, हे फार चांगले झाले. तिथे आजही पबच चालतो आणि स्नगमधल्या बाकांवर गिऱ्हाइके बसतात.