लॅटिस इंडेक्सची दिशा उलटवणे

अणुभट्टीचा गाभा मॉन्टे कार्लो पद्धतीच्या (एकेका कणाचा प्रवास यादृच्छिक आकड्यांनी मांडणाऱ्या) कण-परिवहन गणनेत उभा करताना प्रत्येक इंधनजुडी वेगळी काढत बसत नाहीत. एकच सेल, म्हणजे पृष्ठभागांनी वेढलेला भाग, आडवी-उभी पुन्हा पुन्हा मांडतात. ही मांडणी म्हणजे लॅटिस. तिच्या प्रत्येक घराला इंडेक्स असतो आणि तो कोणत्या बाजूने वाढत जावा हे फिरवणे म्हणजे त्याची दिशा उलटवणे.

गरज पडते ती आराखड्यामुळे. आराखडा आपण वरून खाली वाचतो. एमसीएनपी ही गणनाप्रणाली मात्र घरे भरण्याची यादी सर्वांत लहान इंडेक्सपासून वाचते. उभा इंडेक्स वरच्या दिशेने वाढत असेल, तर फाइलमधली पहिली ओळ नकाशाच्या तळाला जाऊन बसते.

या प्रणालीत दिशा ठरते ती सेलच्या ओळीत पृष्ठभाग कोणत्या क्रमाने लिहिले यावरून. पहिल्या पृष्ठभागापलीकडचे घर (१, ०, ०), दुसऱ्यापलीकडचे (−१, ०, ०), तिसऱ्यापलीकडचे (०, १, ०) आणि चौथ्यापलीकडचे (०, −१, ०). समजा, १३ हे वरचे प्रतल आणि १४ हे खालचे; आकडा पृष्ठभागाचा क्रमांक, चिन्ह त्याची बाजू. मग ‘−११ १२ −१३ १४’ ऐवजी ‘−११ १२ १४ −१३’ लिहिले की सेल तीच राहते, मोजणी मात्र वरून खाली होते. आरपीपी हा तयार ठोकळा वापरला असेल तर बाजूंचा क्रम आधीच ठरलेला असतो. तेव्हा सुटी प्रतले लिहावी लागतात. खरी मेख शून्याच्या, म्हणजे (०, ०, ०) या मूळ घरात आहे. इंडेक्सची व्याप्ती −३ ते ३ असेल तर काही बिघडत नाही. ती ० ते ६ असेल तर सगळी लॅटिस मूळ घराच्या विरुद्ध बाजूला पसरते. अशा वेळी व्याप्ती −६ ते ० करावी.

दादरला २०२३ च्या डिसेंबरात मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ क्रमांक मिळाले, फलाट जागचे हलले नाहीत. इथेही घरे जागेवरच असतात, म्हणून टॅली (गणनेतून हवी ती राशी मोजण्याची नोंद) आणि कणांच्या स्रोताच्या व्याख्येतले जुने इंडेक्स हाताने बदलावे लागतात. घराच्या आतली रचनाही फिरत नाही; एका बाजूला फट असलेली जुडी आरशातल्यासारखी होत नाही.

मांडणी चुकून उलटी बसली तर ती केवळ गुणन-गुणांकावरून (न्यूट्रॉनांची संख्या एका पिढीतून पुढच्या पिढीत किती पट होते त्यावरून) पकडू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. जुड्या आतून सममित असतील आणि भोवती फक्त पाणी असेल, तर उलट्या गाभ्याचा गुणांक तोच येतो. फरक दिसतो तो एकाच बाजूला काही असते तेव्हा. मुंबईत ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झालेली (साखळी अभिक्रिया आपोआप चालू राहू लागलेली) अप्सरा ही जलकुंडातली अणुभट्टी होती. तिचा गाभा कुंडात सरकवता येई आणि किरणनलिका, म्हणजे न्यूट्रॉन बाहेर आणणाऱ्या नळ्या, ठरावीक ठिकाणी होत्या. अशा प्रतिमानात मांडणी उलटली की नलिकेच्या तोंडाशी भलतीच जुडी येते आणि तिथला न्यूट्रॉन प्रवाह चुकतो. एका कोपऱ्यात वेगळे द्रव्य भरून भूमितीचे चित्र काढले की चूक लगेच दिसते.

ओपनएमसी या दुसऱ्या मॉन्टे कार्लो प्रणालीच्या आयताकृती लॅटिसमध्ये यादीची पहिली ओळ वरचीच धरतात, पण घराचा इंडेक्स डाव्या-खालच्या कोपऱ्यापासून मोजतात.