उचल आणि वेठबिगारी: फरक नेमका कुठं पडतो

आमच्याकडं सांगलीच्या वाळवा तालुक्यात दसऱ्याच्या आसपास एकच विषय, ऊसतोड मजुरांची टोळी आली का आणि उचल किती द्यावी लागली. आणि वेठबिगारी हा शब्द कुणी काढला की लोक चिडतात, रोख पैसे मोजून दिलेत की, वेठबिगारी कसली? गल्लत हितंच होते.

उचल म्हणजे आगाऊ मजुरी. बीडकडनं, आपल्याच जतकडनं नवरा-बायकोची जोडी येते, म्हणजे एक कोयता, त्यांना मुकादम, म्हणजे टोळी जमवून आणणारा, आधीच पैसे देतो, बऱ्याचदा ते ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर मालकाचे असतात, मग सीझनभर टनामागं मजुरी होईल तशी उचल फिटत जाते. एवढ्यात बेकायदा काही नाही.

पण त्याच पैशाच्या जोरावर माणसाला गावी जायला बंदी, दुसरीकडं कामाला जायला बंदी, हिशोब मागितला की दम, हे सुरू झालं की ती वेठबिगारी. 1976 च्या कायद्यानं असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते आणि राबवून घेणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मारहाण झालीच पाहिजे असं नाही. सुप्रीम कोर्टानं तर 1982 लाच सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच.

गेल्या साली आमच्या उसाच्या फडात एक बाई होती, डाव्या हाताच्या बोटाला कोयता लागलेला, वर लुगड्याची चिंधी बांधलेली आणि ती रक्तानं काळी पडलेली. मी म्हटलं मावशी दवाखान्यात चला, गाडी आहे. ती म्हणाली, "नगं दादा, खाडा पडंल." एक दिवस काम चुकलं की 500 रुपये उचलीत वाढणार, वर औषधाचे वेगळे. संध्याकाळी तीच बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढत होती, अंधार पडलेला, पाचटात साप निघतात ते वेगळंच. जखम कोयत्यानं झाली हे खरं, पण तिला दवाखान्यापासनं अडवलं ते खाड्यानं, आणि मला ते अजून सहन होत नाही.

आता ट्रॅक्टरवाल्यांचं पण ऐकलं पाहिजे. लाखो रुपये घेऊन मुकादम गायब होतात, आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरं त्यात कर्जात बुडालीत, ते दुःख खोटं नाही. पण त्याला वाट आहे, करार लेखी करा, फसवणुकीची पोलिसात फिर्याद द्या, कोर्टात वसुलीचा दावा लावा. पैसे वसूल होईपर्यंत टोळीतली बायकापोरं कोप्यात, म्हणजे त्यांच्या झोपडीत, अडकवून ठेवायची, हा वसुलीचा मार्ग नाही, तो गुन्हाच आहे.

असं कुठं दिसलं तर प्रांत ऑफिस नाहीतर कलेक्टरकडं तक्रार करता येते, मजुरानंच करावी असं काही नाही, शेतमालकानं केली तरी चालते. चौकशीत खरं निघालं तर मुक्तीचा दाखला मिळतो, तो जपून ठेवायला सांगा, पुनर्वसनाची मदत त्यावरच मिळते.