कोल निद्रे वेगळं आणि उनेताने तोकेफ वेगळं

योम किप्पुर म्हणजे ज्यूंचा उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस, त्याबद्दल वाचताना ही दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात, आणि त्यात वाचणाऱ्याचा काही दोष नाही, कारण दोन्ही ऐकून सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, लोकांचे डोळे भरून येतात आणि दोन्हींना जबरदस्तीच्या धर्मांतराची एकेक गोष्ट चिकटलेली आहे.

पण कोल निद्रे मुळात कविताच नाही! तो चक्क कायद्याचा मसुदा आहे, तोही बहुतेक अरामी या हिब्रूच्या जवळच्या जुन्या भाषेत. योम किप्पुर लागायच्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या बाहेर काढतात, प्रार्थना म्हणणाऱ्या गायकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण उभा राहतो म्हणजे तिघांचं कोर्ट झालं, आणि मग देवाला केलेले नवस, घेतलेल्या शपथा रद्द असं तीनदा म्हणतात. फक्त देवाशी केलेले हां, शेजाऱ्याचे उसने पैसे बुडवायची सोय नाहीये ती, ज्यूद्वेष्ट्यांनी मात्र नेमका तोच अर्थ काढला. रडू येतं ते चालीमुळे, नुसते शब्द वाचलेत तर स्टँप पेपर वाचतोय असं वाटेल.

उनेताने तोकेफ ही खरीखुरी हिब्रू कविता, पियुट म्हणजे प्रार्थनेत म्हणायचं काव्य. ती रोश हशाना (ज्यूंचं नववर्ष) आणि योम किप्पुर दोन्हीला येते, दिवसा, मुसाफ या सणाच्या जादा प्रार्थनेत. मेंढपाळ काठीखालून एकेक मेंढरू सोडतो तसा देव एकेक जीव मोजतो, रोश हशानाला लिहिलं जातं, योम किप्पुरला शिक्का बसतो, कोण जगणार कोण मरणार, कोण पाण्यानं कोण आगीनं... काटा येतो राव अंगावर. मग पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्मानं निकालाची कठोरता टळते, ही ओळ सगळे मिळून म्हणतात.

आता त्या गोष्टी. जर्मनीतल्या माइन्त्सचा राब्बी (ज्यू धर्मगुरू) आम्नोन धर्म बदलत नाही म्हणून त्याचे हातपाय तोडले आणि मरता मरता तो ही कविता म्हणाला, असं 13व्या शतकातल्या 'ओर झारुआ' ग्रंथात येतं. पण कैरोच्या गेनिझातली, म्हणजे सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या कोठीतली, हस्तलिखितं आणि रचनेची शैली बघून अभ्यासक तिला बायझंटाइन (पूर्व रोमन) काळातल्या पॅलेस्टाइनची मानतात, म्हणजे आम्नोनच्या कितीतरी आधीची. कोल निद्रेचंही तेच, ते स्पेनमध्ये बळजबरीनं ख्रिश्चन केलेल्या ज्यूंचं आहे असं म्हणतात, आणि इकडे बॅबिलोनियातले धर्मपंडित अम्राम गाओन त्याच्या कितीतरी आधी, 9व्या शतकातच त्याला वेडगळ प्रथा म्हणून मोकळे झालेत.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची पद्धत सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंची), आणि सेफार्दींत उनेतानेला अश्केनाझींइतकं (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंइतकं) मोठं स्थान नाही.