बर्फाचे ग्राफ 1979 पासूनच का सुरू होतात?

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की ग्रुपवर कोणी ना कोणी आर्क्टिकचा बर्फ वितळल्याचा ग्राफ टाकतोच, आणि परवा टपरीवर एकाने एकदम बरोबर पकडलं, हे सगळे ग्राफ 1979 पासूनच कसे काय सुरू होतात बे, त्याच्या आधी बर्फ नव्हता का?

होता ना. पण रोजच्या रोज सगळा मोजणारं कोणी नव्हतं. जहाजांच्या नोंदी, विमानाच्या चकरा, बस. 60 च्या दशकात सॅटेलाइट आले पण कॅमेऱ्याला लागतो उजेड, आणि तिकडे हिवाळाभर अंधार, उजाडलं की ढग.

खरी गाडी पुढे सरकली डिसेंबर 1972 ला, निंबस-5 या सॅटेलाइटवर मायक्रोवेव्ह रेडिओमीटर, म्हणजे खालून येणारे मायक्रोवेव्ह तरंग मोजणारं यंत्र, गेलं तेव्हा. त्याला अंधाराचं काही घेणंदेणं नाही, ढगही फारसे आडवे येत नाहीत. गंमत अशी की समुद्राचं पाणी बर्फापेक्षा गरम असूनही मायक्रोवेव्हमध्ये थंड दिसतं, कारण त्यातून हे तरंग कमी बाहेर पडतात, त्यामुळे बर्फ कुठे संपला ते सरळ कळतं. 1974 च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाजवळ वेडेल समुद्रात बर्फाच्या मधोमध एवढं मोठं उघडं पाणी दिसलं की अख्खा विदर्भ दोनदा मावेल, आणि 75, 76 लाही ते परत आलं. भर हिवाळ्यात तिथे कोण जाणार होतं बघायला!

मग ऑक्टोबर 1978 मध्ये निंबस-7. हा दिवसाआड मोजायचा, 1987 पासून अमेरिकन लष्कराचे हवामान सॅटेलाइट रोज मोजायला लागले, आणि पहिलं पूर्ण वर्ष हाती आलं ते 1979. म्हणून ग्राफ तिथून. सप्टेंबर 2012 चा आर्क्टिक बर्फाचा सुमारे 34 लाख चौरस किमीचा नीचांक याच मालिकेतला.

आता यातही लोचा आहेच. या चित्रातला एक ठिपका साधारण 25 किमीचा, म्हणजे आपलं नागपूर शहर त्यात आरामात बसतं, वरून उन्हाळ्यात बर्फावर डबकी साचली की यंत्राला तो समुद्रच वाटतो. बारीक भेगा बघायला रडार पाहिजे. 1978 चा रडारवाला सॅटेलाइट सीसॅट शॉर्टसर्किटने 105 दिवसांतच गेला, पुढे 1991 ला ईआरएस-1, 1995 ला रडारसॅट, आणि 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोटाहून आपला आणि नासाचा निसार. तो कायम डावीकडेच बघतो, म्हणून अंटार्क्टिका मस्त दिसतं, उत्तर ध्रुवाकडचा वरचा भाग मात्र सुटतो.