'सोसवेल तेवढंच दुःख' हे बायबलमधलं वचन नव्हे

'देव सोसवेल तेवढंच दुःख देतो, बायबलातच लिहिलंय,' असं मयताच्या घरी हमखास ऐकवलं जातं. तसं वचन नाही. आधार दाखवतात तो 1 करिंथ 10:13 चा, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला: देव शक्तीपलीकडे तुमची परीक्षा होऊ देणार नाही. तिथली 'परीक्षा' म्हणजे पापाचा मोह. आधी मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांचा विषय चाललाय, आणि लगेच पुढे 'मूर्तिपूजेपासून पळा'. उलट 2 करिंथ 1:8 मध्ये पौल लिहितो की आशिया प्रांतात भार शक्तीपलीकडे गेला, जगण्याचीही आशा सुटली. (पौलाची ही गत!) चुकीच्या दिलाशाने खचलेल्याला वाटतं, आपलाच विश्वास तोकडा. त्यापेक्षा स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं, स्तोत्र 13 मोठ्याने वाचावं. सहाच वचनं: पहिल्या दोनांत 'कुठवर?' चार वेळा, पुढच्या दोनांत मागणी, भरवसा शेवटी. तेही जमेना तर स्तोत्र 88. ते अंधारातच संपतं.