द्वेषगुन्ह्यांचा नकाशा: ठिकाण, वेळ आणि नोंदीचा प्रश्न

शहरात गुन्हे सगळीकडे सारखे घडत नाहीत, हे १९८९ मध्ये मिनिआपोलिसच्या एका अभ्यासाने आकड्यांत दाखवलं. पोलिसांना आलेले निम्म्याहून अधिक कॉल जेमतेम तीन टक्के पत्त्यांशी संबंधित होते. द्वेषगुन्ह्यांना, म्हणजे वंश, धर्म अशा ओळखीच्या द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांना, हाच हिशेब लावायचा तर आधी त्यांची वेगळी नोंद हवी. अमेरिकेत तशी आकडेवारी गोळा करण्याचा कायदा १९९० मध्ये झाला.

नोंद कुणाच्या सांगण्यावरून करायची, हा वाद मात्र ब्रिटनमध्ये पेटला. १९९३ मध्ये लंडनमध्ये बसची वाट पाहणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. तपासातल्या गलथानपणाची चौकशी करणाऱ्या १९९९ च्या अहवालाने सुचवलं, की पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही घटना वंशद्वेषी वाटली, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवावी. ‘वाटण्यावर’ आकडे उभे करायचे का, असा आक्षेप आजही घेतला जातो. पण ही तरतूद नोंदीपुरती होती. शिक्षेसाठी कोर्टात पुरावा लागतोच. शिवाय पीडिताचा शब्द वगळला, तर उरते ती फक्त ठाण्यावरच्या अधिकाऱ्याची मर्जी, आणि ‘शेजाऱ्यांचं भांडण’ म्हणून तक्रार निकालात काढणं तिथे फार सोपं असतं. ज्या वस्तीचा पोलिसांवर विश्वास नाही, तिचा भाग नकाशावर कोरा राहतो. त्या कोऱ्या जागेला शांत वस्ती समजणं धोक्याचं आहे.

असे गुन्हे कुठल्या वस्तीत जास्त घडतात, याचं एक उत्तर न्यूयॉर्कच्या १९८७ ते १९९५ च्या नोंदींतून मिळालं. जिथे गोऱ्यांची मोठी बहुसंख्या होती आणि अल्पसंख्याक नुकतेच राहायला येऊ लागले होते, तिथे वंशद्वेषी गुन्हे अधिक होते. निव्वळ गरिबीने हे चित्र उलगडत नाही. बार, स्टेशन, रात्रीची बस यांची चर्चा खूप होते. पण अमेरिकी आकडेवारीत घर आणि घराचा परिसर हेच ठिकाण वर्षानुवर्षं आघाडीवर आहे. दारावर रंगाने लिहिलेली शिवी, जिन्यात रोज अडवणारा तोच शेजारी. महिनोन् महिने चाललेला हा छळ नकाशावर पुष्कळदा एका ठिपक्यात मावतो.

वेळेचं गणित बाहेरच्या घटनांशी जोडलेलं आहे. अमेरिकेत मुस्लिमद्वेषाच्या नोंदी २००० मध्ये २८ होत्या, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांच्या वर्षी, २००१ मध्ये, ४८१ झाल्या. २००२ मध्ये त्या १५५ वर आल्या, म्हणजे लाट ओसरूनही जुन्या पातळीच्या पाचपटीहून वरच. इंग्लंड-वेल्समध्ये युरोपीय संघ सोडण्याबाबतच्या २०१६ च्या सार्वमतानंतर आणि २०१७ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर असेच उंचवटे दिसले.